सर्पगृहातील अंथरण

राजस्थानात जयपूर शहराच्या पूर्वेस, आग्र्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कानोता हे गाव आहे. त्या परिसरातील जमीन वाळूमिश्रित असून उन्हाळ्यात तेथील उष्णतामान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेथून हजाराहून अधिक किलोमीटर दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्या दगडाचे सडे आहेत आणि पावसाळ्यात त्यांवर धो धो पाऊस कोसळतो. दोन्ही प्रदेशांत एवढा भेद असूनही फुरसे हा विषारी साप राजस्थानच्या कोरड्या भागात आढळतो, तसाच तो कोकणच्या सड्यांवरही आढळतो. दोन्हींकडील फुरशांच्या उपजाती वेगळ्या आहेत, हे खरे. तरीही एवढ्या पर्जन्याच्या प्रदेशात हा कोरडेपणा मानवणारा साप कसा तग धरतो, असा प्रश्न साहजिकच पडतो.

त्याचे उत्तर आकाशात नसून भूमीत आहे. सड्यावर पडलेले पाणी थांबून राहत नाही. ते उतारावरून वाहून जाते आणि सपाट दगडाखालची फट लवकर कोरडी होते. फुरसे राहते ते त्या फटीत. म्हणजे सापाच्या दृष्टीने प्रदेशाचे हवामान दुय्यम होय. त्याच्या पोटाखाली जी चार बोटे जमीन असते, तिचे हवामान हेच त्याचे खरे हवामान. बंदिस्त जागेत साप ठेवावयाचा झाल्यास त्या जागेच्या तळाशी काय पसरावे, हा प्रश्न म्हणूनच सजावटीचा नसून सापाच्या आरोग्याचा, क्वचित त्याच्या जीविताचा असतो. ह्या पुस्तिकेत त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

साप कोणी बाळगावा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतातील वन्य साप पकडणे व घरी पाळणे ह्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 ह्या कायद्याने मनाई आहे. नाग, धामण, अजगर किंवा मांडूळ हौसेखातर बाळगणे हा गुन्हा होय. विदेशी जातींबाबत निराळी व्यवस्था आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत ज्या जाती नोंदल्या आहेत, त्यांचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी शासनाकडे नोंदणी करावी, अशी तरतूद ह्या कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीने आली असून तिचे नियम 2024 साली प्रसिद्ध झाले. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर, ज्यास 'बॉल पायथन' म्हणतात, तो अशा जातींपैकी एक आहे.

तथापि साप केवळ हौशी लोकांकडेच असतात असे नाही. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेत सर्पविषाच्या अभ्यासासाठी व प्रतिविषाच्या निर्मितीसाठी साप बाळगले जात. त्या संस्थेत काम केलेले डॉ. पी. जे. देवरस ह्यांचे भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने 1965 साली प्रसिद्ध केले. पुण्यानजीक कात्रज येथे 1986 साली सर्पोद्यान उभे राहिले. तमिळनाडूत 1978 साली स्थापन झालेली इरुळा जमातीच्या सर्पमित्रांची सहकारी संस्था विषसंकलनाचे काम करीत आली आहे. ह्यांखेरीज ठिकठिकाणची प्राणी बचाव केंद्रे आहेत. विहिरीतून काढलेला, जाळ्यात अडकून जखमी झालेला किंवा तस्करांकडून जप्त केलेला साप तेथे काही दिवस ठेवावा लागतो. संकटातून सोडविलेला प्राणी अयोग्य अंथरणामुळे आजारी पडला, तर सोडविण्याचा सारा खटाटोप वाया जातो.

पोटाखालील हवामान

सापास पाय नाहीत. त्यामुळे भूमीशी त्याच्या शरीराचा जितका निकट संबंध येतो, तितका दुसऱ्या क्वचितच एखाद्या पृष्ठवंशी प्राण्याचा येत असेल. ह्या संबंधाची पाच अंगे आहेत.

पहिले अंग उष्णतेचे. सापाचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. ऊन, तापलेला दगड किंवा उबदार माती ह्यांपासून तो ती घेतो आणि जास्त झाल्यास सावलीत वा बिळात शिरतो. उन्हाळ्यातील दुपारी वाळूचा पृष्ठभाग हात ठेववणार नाही इतका तापतो. परंतु हातभर खोलीवर दिवस व रात्र ह्यांच्या उष्णतामानातील फरक जवळजवळ नाहीसा होतो. वाळवंटी सापास वाळू हवी असते ती मुख्यतः ह्या कारणाने.

दुसरे अंग ओलाव्याचे. सापाची बाह्यत्वचा केराटिन ह्या कठीण द्रव्याची असून तिच्यातील स्निग्ध थर शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही. ठराविक काळाने साप ही त्वचा टाकतो. तिलाच आपण कात म्हणतो. हवा व जमीन फार कोरडी असल्यास कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते. शेपटीच्या टोकाशी व डोळ्यांवरील पारदर्शक खवल्यावर तिचे अवशेष चिकटून राहतात. उलटपक्षी जमीन सतत ओली व मलिन राहिल्यास पोटाकडील खवल्यांखाली पाण्याने भरलेले फोड येतात व पुढे त्यांत जंतूंचा शिरकाव होतो.

तिसरे अंग श्वसनाचे. बहुतेक सापांत उजवे फुप्फुसच काय ते कार्यक्षम असते. डावे अगदी लहान असते किंवा नसतेच. सापास आपल्यासारखे श्वासपटल नाही. आपण धूळ किंवा कफ खोकून बाहेर टाकतो, तसे त्याला नीट जमत नाही. शिवाय त्याचे नाक जमिनीपासून जेमतेम बोटभर उंचीवर असते. तेव्हा अंथरणातून उठणारी धूळ आणि वाफ तो सर्वात आधी व सर्वात जास्त ग्रहण करतो.

चौथे अंग गंधज्ञानाचे. साप दुभंगलेली जीभ बाहेर काढून हवेतील व जमिनीवरील सूक्ष्म कण उचलतो आणि टाळूतील एका विशेष इंद्रियापर्यंत पोहोचवितो. ह्या इंद्रियास याकोब्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. उग्र वासाच्या अंथरणावर ठेवलेला साप भक्ष्याचा मागोवा घेऊ शकत नाही आणि अन्न नाकारू लागतो.

पाचवे अंग गतीचे. साप सरपटतो तेव्हा शरीराची वळणे जमिनीवरील उंचवट्यांवर रेटून तो पुढे सरकतो. गुळगुळीत काचेवर किंवा चकचकीत फरशीवर त्यास रेटा देण्यास आधार मिळत नाही; तो जागच्या जागी वळवळतो. बंदिस्त सापांना येणारी ही दुर्बलता पुष्कळदा आजाराची नसून केवळ तळाच्या गुळगुळीतपणाची असते.

अंथरणाच्या चार कसोट्या

वरील विवेचनावरून कोणत्याही पदार्थास लावावयाच्या चार कसोट्या निघतात. तो पदार्थ सापाला लागणारा ओलावा राखील, पण चिखल होऊ देणार नाही, असा असावा. त्यातून विषारी वाफ किंवा बारीक धूळ निघू नये. भक्ष्याबरोबर थोडा पोटात गेला तरी आतड्यात अडकू नये. आणि मळ, रक्त किंवा परजीवी त्यावर लगेच दिसावेत. एकाच पदार्थात हे सर्व गुण क्वचितच आढळतात. म्हणून निवड ही नेहमी तडजोड असते आणि ती कोणत्या सापासाठी व किती दिवसांसाठी करावयाची आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

पदार्थांची परीक्षा

*वर्तमानपत्राचा कागद.* दिसण्यास साधा, परंतु नव्याने आलेल्या व आजारी सापासाठी ह्याहून उत्तम अंथरण क्वचितच मिळेल. तो द्रव शोषतो, धूळ करीत नाही, स्वस्त आहे आणि मळताच बदलता येतो. सापाच्या अंगावर राहणारे माइट नावाचे रक्तशोषक परजीवी जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे असतात. भुशात ते दृष्टीस पडत नाहीत. पांढऱ्या कागदावर मात्र काळ्या ठिपक्यांप्रमाणे हलताना दिसतात. नवा साप इतर सापांपासून किमान 30 दिवस, शक्य तर 90 दिवस अलग ठेवावा आणि त्या काळात कागदच वापरावा, हे हितावह. बिळात राहणाऱ्या सापास कागदात शिरता येत नाही, एवढी उणीव त्यात आहे. कागदाचे काही थर सैल ठेवल्यास व दडण्यासाठी एखादे खोके दिल्यास ती बऱ्याच अंशी भरून निघते.

*लाकडाचा भुसा.* ह्याबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. देवदार व चीड ह्यांच्या लाकडात सुगंधी तेले असतात. देवदाराचे तेल कीटक पळवून लावण्यासाठी वापरतात, ह्यातच त्याचा स्वभाव दिसून येतो. 1967 साली अमेरिकन शास्त्रज्ञ एलियट व्हेसेल ह्यांनी 'सायन्स' ह्या नियतकालिकात एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. देवदारासारख्या व चिडासारख्या मऊ लाकडांच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांना झोपेचे औषध दिले असता ते नेहमीपेक्षा लवकर जागे होत. भुशातील द्रव्यांमुळे त्यांच्या यकृतातील विकरांची क्रिया वाढली होती आणि औषध लवकर विघटित होत होते. उंदीर म्हणजे साप नव्हे, हे खरे. परंतु नुसत्या अंथरणातील वाफ प्राण्याच्या अंतर्गत अवयवांवर परिणाम करू शकते, हे ह्या प्रयोगाने दाखविले. परदेशात आस्पेन ह्या गंधहीन लाकडाचा धूळविरहित कीस कोरड्या हवेतील सापांसाठी वापरतात. आपल्याकडील वखारीतील भुसा मात्र साग, देवदार, चीड अशा अनेक लाकडांचा एकत्र झालेला असतो. त्यात किडीविरुद्धची औषधे मारलेले लाकूडही असू शकते. ज्याचे मूळ ठाऊक नाही असा भुसा सर्पगृहात घालू नये, हा नियम निरपवाद समजावा.

*नारळाच्या काथ्याचा भुसा.* कोकणात व दक्षिणेत विपुल मिळणारा हा पदार्थ ओलावा चांगला धरतो व दमट जागेत राहणाऱ्या सापांना मानवतो. तो अगदी वाळला म्हणजे त्याची धूळ उडते, म्हणून थोडा ओलसर ठेवावा. पिळून पाणी गळेल इतका ओला मात्र नसावा.

*वाळू.* वाळूत राहणाऱ्या सापांखेरीज इतरांना वाळू देऊ नये. त्यातही नदीची, गोल कणांची, धुऊन वाळविलेली वाळू घ्यावी. दगड फोडून तयार केलेल्या बांधकामाच्या वाळूचे कण टोकदार असून तिच्यात पूड पुष्कळ असते. समुद्रकाठच्या वाळूत क्षार असतो. शेतातील माती घेतल्यास तिच्यात कीटकनाशकांचा अंश असण्याचा संभव असतो.

*मक्याच्या कणसांचा चुरा, अक्रोडाच्या कवचांचा चुरा व खडी.* पहिल्यास ओल लागताच बुरशी येते आणि तो पोटात गेल्यास आतड्यात फुगून अडकतो. दुसऱ्याच्या कडा धारदार असतात. बारीक खडी गिळली जाण्याचा धोका असतो आणि तिच्या खाली मळ साचून सडतो. तिन्ही वर्ज्य मानावीत.

*फरशी.* खडबडीत शहाबादी किंवा कोट्याची फरशी पुसण्यास सोपी व टिकाऊ असते. मोठ्या अजगरांच्या खोल्यांतून तिचा चांगला उपयोग होतो. परंतु नुसती फरशी हिवाळ्यात गार पडते. तिच्या काही भागावर पालापाचोळा किंवा कागद पसरून सापाला ऊब व आडोसा द्यावा. भुशावर वा वाळूवर ठेवलेल्या सापास अन्न देतानाही फरशीचा एक सपाट तुकडा उपयोगी पडतो. भक्ष्य त्यावर ठेवल्यास त्याच्या ओल्या अंगास कण चिकटत नाहीत व ते सापाच्या पोटात जात नाहीत.

जातीप्रमाणे निवड

कोरड्या, वाळूमिश्र जमिनीत राहणारे मांडूळ ह्याचे उत्तम उदाहरण होय. त्याची शेपटी बोथट असल्यामुळे लोक त्यास दोन तोंडांचे समजतात आणि ह्याच अज्ञानातून त्याची तस्करी होते. त्याचे मुस्कट पाचरीसारखे असून ते जमिनीत घुसण्यासाठीच घडलेले आहे. जप्त केलेले मांडूळ प्लास्टिकच्या बादलीत किंवा चकचकीत फरशीवर ठेवल्यास ते कोपऱ्यांत सतत मुस्कट घाशीत राहते आणि थोड्याच काळात तेथे जखम होते. त्यास आठ-दहा सेंटिमीटर खोलीची स्वच्छ, सैल वाळू मिळताच ते आत शिरते व शांत होते. येथे अंथरण हेच औषध ठरते.

दिवड पाण्याजवळ राहणारा साप आहे. म्हणून त्याचे सर्पगृह ओले ठेवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ती चूक होय. ओढ्यात पोहणारा दिवड काठावर येऊन उन्हात कोरडा होतो. त्यास पोहण्याजोगे पाण्याचे भांडे द्यावे आणि बाकीची जमीन कोरडी असावी. संपूर्ण तळ ओला ठेवल्यास पूर्वी वर्णिलेले फोड ह्याच सापास लवकर येतात.

फुरशासाठी कोरडे अंथरण व सपाट दगडाखालील फट पुरेशी होते, मग ते राजस्थानातील असो वा रत्नागिरीचे असो. बॉल पायथनसारख्या किंचित दमट हवा लागणाऱ्या सापाला काथ्याचा भुसा योग्य. कोणत्याही सापाची कात टाकण्याची वेळ आली, म्हणजे त्याचे डोळे दुधाळ दिसू लागतात. त्या वेळी एका खोक्यात ओलसर शेवाळ किंवा काथ्या घालून ठेवावा. सर्व जमीन ओली न करता केवळ एक कोपरा ओला ठेवावा. साप आपली गरज ओळखून तेथे जातो.

जमिनीची निवड साप स्वतःही किती चोखंदळपणे करतो, हे नागराजाच्या मादीवरून दिसते. सर्व सापांत पालापाचोळा गोळा करून अंड्यांसाठी घरटे रचणारा साप तो हाच. पाचोळ्याचा तो ढीग पाऊस बाहेर ठेवतो आणि ऊब आत राखतो.

स्वच्छता

सापाच्या मूत्रातील नत्र युरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या खडूसारख्या गोळ्यांत बाहेर पडते. कोरड्या अंथरणावर ते उपद्रव देत नाही. ओल्या अंथरणात मात्र जंतू त्याचे विघटन करतात व अमोनिया वायू तयार होतो. तो डोळ्यांना व फुप्फुसांना झोंबतो. म्हणून मळ दिसताच उचलावा. सुटे अंथरण साधारणतः महिन्याने संपूर्ण बदलावे.

तळ धुण्यासाठी घरोघरी वापरले जाणारे फिनेल सर्पगृहात कधीही आणू नये. फिनॉलवर्गीय द्रव्ये सापांना विषारी असतात. तळ आधी साबणाने घासून धुवावा, कारण मळ शिल्लक असल्यास जंतुनाशकाचा प्रभाव पडत नाही. नंतर एक भाग घरगुती ब्लीचच्या द्रावणात तीस भाग पाणी मिसळून ते काही मिनिटे लावून ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्यावे. तोवर साप दुसरीकडे ठेवावा. वाळू उन्हात पसरून वाळविणे चांगले. पण उन्हाने सर्व जंतू व परजीवींची अंडी मरतातच असे समजू नये. सापांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून अंथरण हाताळल्यावर साबणाने हात धुणे अत्यावश्यक होय.

अंथरणाखाली विजेची ऊब देताना उष्णतानियंत्रक अवश्य जोडावा. जाड अंथरणाखाली उष्णता कोंडून राहते. पोटास चटका बसत असतानाही साप पुष्कळदा वेळीच बाजूला होत नाही आणि भाजतो.

उपसंहार

इरुळा लोकांची पद्धत ह्या सर्वांचे सार सांगते. ते विषारी साप मातीच्या माठात ठेवतात. माठाच्या तळाशी वाळू असते व तोंडास सुती कापड बांधलेले असते. माठाची भिंत सच्छिद्र असल्याने हवा कोंदत नाही, वाळू द्रव शोषते आणि आतला अंधार सापास बिळासारखा वाटतो. साधारण तीन-चार आठवड्यांत काही वेळा विष काढून घेतल्यावर साप पुन्हा रानात सोडला जातो. ह्या व्यवस्थेत महागडी वस्तू एकही नाही. सापाला कशाची गरज आहे, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने जाणून त्यांनी तेवढेच त्यास दिले आहे.

सापाची जमीन निवडताना बाजारात काय मिळते हा प्रश्न शेवटी विचारावा. प्रथम विचारावे ते हे, की हा साप रानात कशावर पोट टेकून झोपतो? कानोत्यासारख्या कोरड्या मुलखातील वाळू असो वा सड्यावरील दगडाची फट, उत्तर त्या भूमीतच सापडते.